एका दिवसात श्रवणबेळगोळ: बाहुबली नीट पाहायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बंगळुरूत नोकरी करते. डिसेंबरमध्ये साताऱ्याहून आईबाबा चार दिवसांसाठी तिच्याकडे येणार आहेत आणि त्यातला एकच दिवस बाहेर जायला मोकळा आहे. बाबा ६९ वर्षांचे, गुडघे दुखतात. आईला चालायची सवय आहे. श्रवणबेळगोळ, हळेबीड आणि बेलूर एकाच दिवसात दाखवणारी सहल मिळते, ती घ्यावी का? शिवाय पुढे असंही विचारलं आहे: "मूर्ती एकच आहे, तर अर्धा तास पुरेल ना?"

मी दगडात काम करतो आणि शिल्पकलेच्या विद्यार्थ्यांना गेली वीस-बावीस वर्षं दर हिवाळ्यात श्रवणबेळगोळला घेऊन जातो. त्या अनुभवावरून सांगतो, तिन्ही ठिकाणांची सहल घेऊ नका. दिवस पूर्ण बाहुबलीला, म्हणजे तिथल्या डोंगरावरच्या प्रचंड जैन मूर्तीला द्या. आणि अर्धा तास पुरणार नाही, निदान तुमच्या आईला तरी नाही.

आधी तिन्ही एकत्र का नकोत ते सांगतो. बंगळुरूहून श्रवणबेळगोळ सुमारे १४५ किलोमीटर आहे. तिथून हळेबीड-बेलूरला जायचं तर आणखी ऐंशी-नव्वद किलोमीटर पश्चिमेला, आणि रात्री तेवढंच सगळं अंतर परत. म्हणजे दिवसातले आठ-नऊ तास गाडीत जातात. वेळ कमी पडला की सहलीवाले नेमका डोंगराचा वेळ कापतात, कारण चढायला वेळ लागतो. लोक धापा टाकत वर पोचतात, फोटो काढतात आणि खाली पळतात. दुसरं कारण आमच्या धंद्यातलं. बेलूर-हळेबीडच्या मंदिरांचा दगड मऊ, खाणीतून काढल्यावर लाकडासारखा कोरता येतो. म्हणून होयसळ राजांच्या कारागिरांनी त्यात दागिन्यांच्या कड्या, जाळ्या, नखं, सगळं कोरलं. श्रवणबेळगोळचा दगड ग्रॅनाइट आहे. त्यावर टाकी मारली की टाकीच बोथट होते. असा दगड बारकावे मागत नाही, मोठे, शांत पृष्ठभाग मागतो. एक शिल्प नाकाला नाक लावून वाचायचं, दुसरं लांब उभं राहून. डोळ्यांना या दोन्ही सवयी एकाच दिवसात बदलता येत नाहीत. संध्याकाळी हळेबीडच्या भिंतींसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांचे डोळे थकलेले मी पाहिले आहेत; समोर काय आहे ते त्यांना दिसतच नव्हतं. त्यानंतर मी तो कार्यक्रम कायमचा बंद केला. बेलूर-हळेबीडला हासनमध्ये मुक्काम करून वेगळं जा.

आता दिवस कसा आखायचा. पहाटे साडेचार-पाचला निघा. नेलमंगला, कुणिगल, यडियूर, बेळ्ळूर क्रॉस या मार्गाने हासनच्या महामार्गावर हिरीसावेपर्यंत जायचं आणि तिथे डावीकडे वळायचं. तिथून गाव अठरा-एक किलोमीटर आहे. रस्ता चांगला आहे, अडीच-तीन तास धरा. रेल्वेनेही जाता येतं. बंगळुरू-हासन मार्गावर श्रवणबेळगोळ नावाचं स्थानक आहे. पण गाड्यांच्या वेळा तुमच्या सकाळशी जुळतात का ते आधी पाहा, आणि स्थानकावरून पायथ्यापर्यंत रिक्षा करावी लागते. एसटीने, म्हणजे तिकडच्या सरकारी बसने, बहुधा चन्नरायपट्टणला उतरून बस बदलावी लागते. आईबाबा बरोबर असताना मी गाडीच सुचवेन, मुख्यतः दुपारी बाबांना पाय पसरून बसता यावं म्हणून.

गावात शिरण्याआधी, रस्त्याच्या वळणावर कुठेतरी डोंगराच्या माथ्यावर एक बारीक उभी रेघ दिसेल. तिला खांदे आहेत हे लक्षात यायला दोन क्षण लागतात. तिथे गाडी थांबवा. मोठ्या शिल्पाचं पहिलं दर्शन लांबूनच व्हावं, असं माझं ठाम मत आहे. जवळ गेल्यावर आपण त्याची उंची मोजू लागतो. लांबून मात्र ते आसपासच्या मुलखात कसं उभं आहे तेवढंच दिसतं, आणि घडवणाऱ्याने पहिला विचार त्याचाच केलेला असतो.

गाव दोन डोंगरांच्या मधे आहे. दक्षिणेकडचा मोठा तो विंध्यगिरी, कन्नडमध्ये दोड्डबेट्ट. उत्तरेकडचा लहान तो चंद्रगिरी, चिक्कबेट्ट. मधे कल्याणी नावाचा दगडी पायऱ्यांचा तलाव आहे. बेळगोळ या नावाचा अर्थच पांढरं तळं असा सांगतात. बाहुबली विंध्यगिरीवर उत्तराभिमुख उभा आहे, म्हणजे त्याचं तोंड गावाकडे आणि समोरच्या चंद्रगिरीकडे आहे. हे लक्षात ठेवा, दिवसाचं सगळं गणित यावर आहे.

मूर्तीचं तोंड उत्तरेला, त्यामुळे तिचा उजवा हात पूर्वेला येतो. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे दिवसभर तो मूर्तीच्या पाठीमागेच राहतो. सकाळी आठ-साडेआठला ऊन उजव्या खांद्यावरून, दंडावरून तिरपं उतरतं आणि त्या बाजूची कड सोन्यासारखी उजळते. चेहरा मात्र सावलीत असतो, मऊ उजेडात. बारा वाजता सूर्य बरोबर पाठीशी येतो, आपण उजेडाकडे तोंड करून उभे राहतो आणि मूर्ती काळपट दिसते. म्हणूनच हिवाळ्यात दुपारी आलेले लोक म्हणतात की फोटो नीट आले नाहीत. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत या अक्षांशावर सूर्य माध्यान्ही उत्तरेकडे असतो, तेव्हा चेहऱ्यावर समोरून ऊन येतं. पण तेव्हा एक तर दगड तापलेला असतो नाही तर पाऊस असतो. पापण्या आणि ओठांच्या कडा दाखवणारा सर्वांत सुंदर आडवा उजेड मार्च आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धातल्या सकाळी मिळतो, सूर्य तेव्हा अगदी पूर्वेला उगवतो. तुम्ही डिसेंबरमध्ये येताय, तर शक्य तितकं लवकर वर पोचा. मऊ सावलीतला तो चेहराही काही कमी नाही. स्केच काढायला मी तर तोच पसंत करतो.

चढण. डोंगर पायथ्यापासून सुमारे ४७० फूट उंच आहे आणि पायऱ्या साधारण ६५०. त्या वेगळ्या बांधलेल्या नाहीत, डोंगराच्या अंगातच खोदलेल्या आहेत. म्हणून त्यांची उंची सारखी नाही. काही उथळ, काही एकदम गुडघ्याला जाणवणाऱ्या. आधाराला कठडे आहेत. चपला पायथ्याशीच काढाव्या लागतात, मोजे चालतात. जाड सुती मोजे सगळ्यांसाठी बरोबर घ्या. सकाळी दगड गार असतो आणि उतरताना तापलेला, म्हणून मोजे दोन्ही वेळी लागतात. पाणी घ्या. थोडं खाऊन चढा, पोटभर नको.

बाबांच्या गुडघ्यांबद्दल स्पष्ट लिहितो. चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जड जातं, आणि लोक नेमकं हेच विसरतात. वर जाताना दम लागतो, तो बसल्यावर भरून येतो. उतरताना मात्र प्रत्येक पायरीला अंगाचा सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर पडतो, आणि ही कळ बसून जात नाही. पायथ्याशी डोलीवाले असतात. चार जण वेताच्या खुर्चीवर बसवून वर नेतात आणि खाली आणतात. आपल्याकडच्या बऱ्याच वडीलधाऱ्यांना माणसांच्या खांद्यावर बसायला संकोच वाटतो. माझ्या स्वतःच्या वडिलांनी नकार दिला, निम्मा डोंगर चढले आणि तिथेच बसून राहिले. परतताना ते मला म्हणाले, तू मला आधी समजावायला हवं होतंस. ते मला अजून लागतं. तेव्हा बाबांशी आदल्या रात्रीच बोला. डोलीवाल्यांचं ते रोजचं काम आहे, रोजीरोटी आहे. ठरलेला दर आधी विचारून घ्यायचा आणि वर किती वेळ थांबणार तेही सांगून ठेवायचं, म्हणजे खाली नेण्याची घाई होत नाही. डोली नकोच म्हणाले तर त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे, तो खाली सांगतो.

वाटेत घाई करू नका. मधल्या टप्प्यांवर ओदेगल बसदी (बसदी म्हणजे जैन मंदिर) लागते. दगडी टेकूंवर तोललेली म्हणून हे नाव. पुढे अखंड बागिलू, म्हणजे एकाच शिळेतून कोरलेला दरवाजा, वर गजलक्ष्मी. दगडात काम करणाऱ्याला हा दरवाजा म्हणजे वर काय पाहायचं आहे त्याची सूचना वाटते: इथे दगड आणून रचलेला नाही, जागेवरच मोकळा केलेला आहे.

वरच्या आवारात शिरताना शेवटचा दरवाजा ठेंगणा आणि अंधारा आहे. तो ओलांडून आपण अंगणात येतो आणि एकदम पावलांपाशी उभे राहतो. बहुतेक लोक इथे थेट पायांजवळ जातात. तसं करू नका. आत आल्याबरोबर मूर्तीसमोरच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे या, आईलाही मागे घ्या. मग वर पाहा.

उंची ५७ फूट म्हणून सांगतात. काही मोजमापांत ती ५८ च्या थोडी वर भरते. आकड्यापेक्षा प्रमाण पाहा. जुन्या मोजमापांनुसार पाऊल ९ फूट लांब आहे, म्हणजे उंचीच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढं, जिवंत माणसासारखंच. पण खांदे २६ फूट रुंद आहेत, उंचीच्या जवळपास निम्मे. जिवंत माणसाचे खांदे उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून फार जास्त नसतात. गुडघ्यांखालचा पाय तर आखूडच आहे. ही चूक आहे असं काही जण म्हणतात. मला वाटतं, ज्याने हे ठरवलं त्याने पाहणारा कुठे उभा राहणार याचा विचार केला होता. खालून पाहताना पाय डोळ्यांजवळ, म्हणून लांब वाटतात आणि खांदे दूर गेल्याने आक्रसतात. अचूक माप ठेवलं असतं तर छाती अरुंद आणि डोकं लहान दिसलं असतं. खांदे रुंदावले म्हणून ते चेहऱ्याला तोलून धरतात. कागदावर मापं मांडली तर विचित्र वाटतील, अंगणात उभं राहिलं की बरोबर वाटतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी तिथे हाच एक धडा देतो आणि त्यावर तासभर काम करायला लावतो.

ही मूर्ती डोंगराच्या माथ्यावर उभ्या असलेल्या प्रचंड शिळेतून जागच्या जागी घडवलेली आहे, कुठून आणून उभी केलेली नाही. मांड्यांपर्यंत तिला मागच्या दगडाचा आधार आहे, तिथून वर ती चारही बाजूंनी मोकळी आहे. हे धाडस नीट समजून घ्या. अशा कामात दगड वरून खाली काढत यायचं असतं. आधी डोकं, मग खांदे. वरचा भाग पूर्ण होईपर्यंत खालचा दगड उभं राहायला ओटा म्हणून कामी येतो आणि उडालेल्या कपच्या तयार भागावर पडत नाहीत. पण त्याचा अर्थ असा की डोक्याची जागा ठरवली त्याच दिवशी पावलांची जागाही ठरून गेली. ओळंबा एक बोटभर चुकला असता तर खाली येईपर्यंत तो किती सरकला असता याचा विचार करा. मातीत चूक थापून भरून काढता येते. ग्रॅनाइटमध्ये एक जास्तीचा घाव बसला की सगळं काम तेवढं आत घ्यावं लागतं. त्या ५७ फुटांत मला असा आत घेतलेला भाग कुठे दिसत नाही. मी बावीस वर्षं शोधतोय.

आता दुर्बीण काढा. साधी, पक्षी पाहायची असते तीही चालेल, पण नक्की घ्या. या दिवसासाठी कॅमेऱ्यापेक्षा ती जास्त कामाची आहे. केसांची छोटी गोल वलयं पाहा, प्रत्येक वेगळी फिरवलेली. लांब कानपाळी. अर्धे मिटलेले डोळे, आणि ओठांच्या कोपऱ्यात जरासं काहीतरी, ज्याला हसू म्हणावं की नाही हे दर वेळी मला वेगळं वाटतं. मग हात. दंड धडापासून सुटे आहेत, मधल्या फटीतून आकाश दिसतं. ग्रॅनाइटच्या एवढ्या उंच कामात ही फट काढायला किती हिंमत लागते ते छिन्नी हातात धरणाऱ्यालाच कळेल. शेवटी घोटाई पाहा. हजार वर्षं उघड्यावर, ऊनपावसात उभा असलेला हा दगड अजून अंगावर उजेड धरतो.

मग खाली या, पायांकडे. दोन्ही बाजूंना वारुळं, त्यांतून डोकावणारे साप, आणि पायांवरून, मांड्यांवरून दंडांपर्यंत चढलेली माधवीची वेल. कथा आईला वर जाण्याआधीच सांगा. भरत आणि बाहुबली हे पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांच्या मुलांपैकी दोघे. राज्यासाठी युद्ध नको म्हणून दोघांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरलं. तिन्हीत बाहुबली जिंकला. भावाला वर उचललेला असतानाच त्याला हे सगळं नकोसं झालं. त्याने भावाला अलगद खाली ठेवलं, राज्य सोडलं आणि कायोत्सर्गात, म्हणजे निश्चल ध्यानात, उभा राहिला. इतका काळ की वेल अंगावर चढली. अंगावर वस्त्र नाही ते याच त्यागाचं आहे. इथे येणारे भाविक ज्या सहजतेने त्याच्याकडे पाहतात ती पाहिली की कुणाच्या मनात संकोच उरत नाही. दगडात काम करणारा म्हणून मला ही वेल विशेष प्रिय आहे. एवढ्या मोठ्या, सपाट अंगावर वेळ गेल्याचं कसं दाखवणार? वेलीने ते दाखवलं. तिच्यामुळे डोळ्याला खालून वर जायला वाटही मिळते.

पायांच्या बाजूला दगडावर अक्षरं कोरलेली आहेत आणि मराठी माणसाने ती पाहिल्याशिवाय परत येऊ नये. कन्नड आणि तमिळसोबत तिथे नागरी लिपीत मराठी आहे: "श्रीचावुण्डराजें करवियलें" आणि "श्रीगंगराजे सुत्ताले करवियले". चावुंडराय हा गंग राजांचा सेनापती आणि मंत्री. त्याने ही मूर्ती दहाव्या शतकाच्या शेवटी घडवून घेतली, साधारण ९८१ साल सांगितलं जातं. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती; त्याने बाराव्या शतकाच्या सुरुवातीला भोवतीचं आवार, म्हणजे सुत्ताले, बांधून घेतलं. हा मराठीतला पहिला शिलालेख असं आपण शाळेत शिकलो. पुढे अभ्यासकांनी त्यावर वाद घातला: दोन्ही ओळी एकाच वेळी, गंगराजाच्या काळात कोरल्या असाव्यात असं काहींचं म्हणणं, आणि मग अलिबागजवळच्या आक्षीचा १०१२ चा लेख आधीचा ठरतो. वाद असो. घरापासून इतक्या दूर, कन्नड मुलखात, निदान नऊशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की इथे मराठी वाचणारेही येतील, आणि त्यांच्यासाठी दोन ओळी कोरल्या. तुमचे आईबाबा त्या ओळी आजही न अडखळता वाचतील. "करवियलें" म्हणजे करवून घेतलं. पहिल्यांदा तो शब्द वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि लगेच दुसरा विचार आला: करवून घेणाऱ्याचं नाव आहे, करणाऱ्याचं नाही. तो धागा दुपारी चंद्रगिरीवर पुन्हा हाती येईल.

बाहेर पडताना समोर गुल्लकायज्जीची छोटी मूर्ती पाहायला विसरू नका. चावुंडरायाने मोठ्या थाटात पहिला अभिषेक केला, पण दूध मांड्यांच्या खाली उतरेना. मग एका म्हातारीने फळाच्या करवंटीएवढ्या भांड्यातून आणलेलं थोडंसं दूध ओतलं आणि ते पायांपर्यंत पोचलं, अशी कथा आहे. एवढ्या मोठ्या मूर्तीसमोर त्या हातात भांडं घेतलेल्या बाईला जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो. १९८१ मध्ये सहस्राब्दीचा झाला, नंतर १९९३, २००६ आणि २०१८. या हिशोबाने पुढचा २०३० च्या आसपास येईल. तो सोहळा पाहायला जरूर जावं, पण शिल्प पाहायला त्या वर्षी जाऊ नये. अभिषेकासाठी मूर्तीला मोठी परांची बांधतात आणि तिची मागची बाजू झाकली जाते. तुमच्या डिसेंबरमध्ये अंगण मोकळं असेल.

वर निदान दीड तास थांबा. त्यातली शेवटची दहा मिनिटं आईला एकटीला बसू द्या, काही बोलू नका. दहा-साडेदहाला उतरायला लागा. डोली नसेल तर बाबांनी कठडा धरून, पाय थोडे आडवे टाकून उतरावं आणि जो गुडघा जास्त दुखतो तो पाय आधी खाली ठेवावा.

दुपारचं जेवण गावात होतं. जैन पद्धतीचं, कांदा-लसूण नसलेलं साधं जेवण मिळतं. त्यानंतर तासभर विश्रांती. उन्हं उतरेपर्यंत गावातली भंडारी बसदी पाहता येते. होयसळ नरसिंहाच्या भांडाराचा प्रमुख हुल्ल याने ती ११५९ मध्ये बांधली, आत चोवीस तीर्थंकर एका रांगेत उभे आहेत. जवळच अक्कन बसदी आहे, ११८१ ची. दोन्ही सपाट जमिनीवर आहेत, बाबांना त्रास नाही. परतीच्या वाटेला थोडा वेळ काढता आला तर कंबदहळ्ळीची गंगकालीन पंचकूट बसदी सुंदर आहे, पण त्यासाठी चंद्रगिरी सोडू नका.

चंद्रगिरीला साडेतीनच्या सुमारास जा. चढ पुष्कळ कमी आहे, पायऱ्याही. बाबांना हळूहळू जमेल असं मला वाटतं, आणि डोली नको म्हणाले असतील तर त्यांचा खरा बाहुबली इथे आहे. इथून समोर विंध्यगिरी पूर्ण दिसतो आणि माथ्यावरच्या भिंतींच्या वर कमरेपासूनची मूर्ती आपल्याकडेच तोंड करून उभी असते. एव्हाना ऊन पश्चिमेकडून मूर्तीच्या डाव्या अंगावर आलेलं असतं. चावुंडरायाच्या आईला बाहुबलीचं दर्शन हवं होतं, ती त्यासाठी प्रवासाला निघाली, आणि इथे, याच डोंगरावरून तिच्या मुलाने समोर बाण सोडला तेव्हा मूर्तीची जागा ठरली, अशी परंपरा आहे. म्हणजे मूर्ती जिथून पाहायची ती मूळ जागा हीच. आवारात पाच-सहा मजली इमारतीएवढा वाटलेला देह इथून डोंगराच्या मापात बरोबर बसलेला दिसतो, आणि रुंद खांद्यांचं कारण दुसऱ्यांदा पटतं.

चंद्रगिरीवर लेखांची रेलचेल आहे. दोन्ही डोंगर आणि गाव मिळून पाचशेहून जास्त शिलालेख आहेत, सर्वांत जुने इथेच, सातव्या शतकाच्या आसपासचे. कित्येक लेख सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी सोडून, देह ठेवणाऱ्यांचे आहेत. उघड्या खडकावर कोरलेले असल्यामुळे पाय ठेवताना खाली पाहा. जैन आचार्य भद्रबाहूंची गुहा आहे, आणि चंद्रगुप्त मौर्य अखेरच्या काळात या गुरूंसोबत इथे आला अशी कथा ज्या बसदीत दगडी जाळीवर कोरली आहे ती चंद्रगुप्त बसदीही. त्या जाळीपाशी बाबांना थांबवा. छोट्या छोट्या चौकटींत अख्खी कथा आहे, आणि तिच्यावर घडवणाऱ्याचं नाव आहे: दासोज. समोरच्या डोंगरावर ज्याने अंगाचा प्रत्येक उतार शोधून काढला त्याचं नाव दगडावर नाही. इथे, या जाळीवर, कारागिराने आपलं नाव ठेवलं. माझ्या विद्यार्थ्यांना मी या जाळीसमोर उभं करतो आणि नाव मोठ्याने वाचायला लावतो.

भरताची मूर्तीही याच डोंगरावर आहे. पायांचा खालचा भाग नसलेली, जमिनीतून वर आल्यासारखी उभी. फार लोक तिच्यापाशी थांबत नाहीत. कथा सकाळी ऐकलेली असल्याने आई ती लगेच ओळखेल. दोन भाऊ दोन डोंगरांवर आहेत. भरताशेजारी बसायला सपाट खडक आहे. साडेपाचला गाडीकडे निघायचं आहे, तोवर तिथेच बसा, आणि दुर्बीण आधी बाबांच्या हातात द्या.